यंत्राच्या दप्तराचें चावडीवाचन

लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यास लांब लेख वाचण्यास सवड नसते, हें आम्ही जाणतों. म्हणून जें सांगावयाचें तें आरंभींच सांगतों. हल्लीं विद्यापीठें व मोठ्या तंत्रशिक्षणसंस्था शेताच्या बांधावर मोजमापाचीं लहान लहान यंत्रें बसवून संशोधन करूं लागल्या आहेत. या संशोधनास आमचा विरोध नाहीं. तें व्हावें आणि आपल्या जिल्ह्यांतही व्हावें, असेंच आमचें मत आहे. परंतु ज्या शेतांतून माहिती उचलली जाते, त्या शेताच्या धन्यास ती त्याच्या भाषेंत वाचून दाखविली जावी आणि ती चुकीची असल्यास हरकत नोंदविण्याची सोय असावी, एवढें आमचें मागणें आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेचें. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलों नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही सेवानिवृत्त झालों. तेव्हां यंत्रांच्या अंतरंगाविषयीं अधिकारानें बोलण्याचा आमचा दावा नाहीं. पण नोंद कशी होते, कशी चुकते, आणि चुकलेली नोंद एखाद्या घराचें काय करते, हें आम्हीं उभ्या नोकरींत डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्या अनुभवावर हे चार शब्द लिहिले आहेत.

प्रथम या विद्येची ओळख करून घेऊं. हिला 'सर्वव्यापी संगणन' असें नांव आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत मार्क वायझर नांवाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनीं १९८८ च्या सुमारास ही कल्पना मांडली व १९९१ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत तिच्यावर लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मेजावरील संगणकापाशीं माणसानें जाऊन बसावें हा प्रकार फार दिवस टिकणार नाहीं. संगणक लहान होऊन भिंतींत, वस्तूंत व अवजारांत असा मिसळून जाईल कीं, तो तेथें आहे याचें भानही माणसास राहणार नाहीं. त्यांनीं त्याचे तीन आकार कल्पिले होते : एक इंचाच्या मापाचा, दुसरा फुटाच्या, तिसरा यार्डाच्या. मोजणीच्या कागदांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हीं मापें वाचून मोठें कौतुक वाटलें.

ती कल्पना आज आपल्या दारीं आली आहे. पनवेलहून पुण्याकडे द्रुतगति मार्गानें जातांना मोटारीच्या कांचेवरील फास्टॅगची चिकटपट्टी टोलनाक्यावर आपण होऊन पैसे देते. आंत बसलेल्या माणसास खिशांत हात घालावा लागत नाहीं. २०१६ सालीं यूपीआयची पद्धत निघाली, आणि आतां भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईपुढेंही काळ्या चौकड्यांची पाटी उभी असते. असा जो व्यवहार माहितीच्या देवघेवीवर चालतो, त्यास 'डिजिटल अर्थव्यवस्था' म्हणतात. त्यांत माहिती हाच एक माल होऊन बसतो. माणूस अशा यंत्रांच्या संगतींत वावरतांना मागें जी पाऊलखूण सोडतो, तिचा अभ्यास करण्यासाठीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम विद्यापीठानें २००९ च्या सुमारास 'होरायझन' नांवाचें एक स्वतंत्र केंद्र काढलें. पाऊलखुणेवर मालकी कोणाची, हा प्रश्न तिकडच्या पंडितांसही पडला आहे, एवढें यावरून दिसतें.

आपल्या महाराष्ट्रांतही हें संशोधन नवें नाहीं. या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या आय. आय. टी.नें नाशिक येथील सुला कंपनीच्या द्राक्षमळ्यांत बिनतारी संवेदक बसविले. पानावर ओल किती वेळ टिकते, हवेंत उष्णता व दमटपणा किती, मातींत ओलावा किती, हें तीं यंत्रें टिपून घेत आणि एकमेकांच्या हातीं देत देत संगणकापर्यंत पोंचवीत. द्राक्षबागाईतदारास याचें महत्त्व सांगणें नको. पान किती वेळ ओलें राहिलें यावर केवडा रोगाचा संभव ठरतो, आणि तो आधीं कळला तर औषधाची एखादी फवारणी वाचते.

त्याच संस्थेनें २००३ सालीं प्राध्यापक कृति रामामृतम् यांच्या मार्गदर्शनाखालीं 'आक्वा' नांवाची एक योजना सुरू केली. तींत शेतकऱ्यानें मराठींत प्रश्न विचारावा आणि बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांनीं उत्तर द्यावें, अशी व्यवस्था होती. हल्लीं त्याच बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्यानें उसावर प्रयोग चालविले आहेत. उपग्रहाचीं छायाचित्रें, जमिनींतील संवेदक आणि हवामानाचे आंकडे एकत्र करून कृत्रिम बुद्धिमत्ता पाणी-खताचा सल्ला देते.

कोल्हापुराकडील वारणेची हकीकत तर फारच बोधप्रद आहे. तेथें १९९८ सालीं सरकारी साहाय्यानें सुमारें सत्तर गांवांत संगणक मांडण्यांत आले. शेतकऱ्यास जगांतील सर्व ज्ञान गांवांत मिळावें असा हेतु होता. कांहीं वर्षांनीं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनीं जाऊन पाहिलें, तों ते संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी ठेवण्याच्या व पावत्यांच्या कामीं येत होते. तेव्हां त्यांनीं सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाईलवर संदेशानें तेंच काम करून पाहिलें. आपल्या उसाचा हिशेब घरबसल्या स्वतःच्या हातांतील यंत्रावर वाचावयास मिळतो, हें शेतकऱ्यांस फार पसंत पडलें. आमच्या समजुतीप्रमाणें यांतील सार असें कीं, शेतकऱ्यास यंत्राच्या थोरवीशीं कर्तव्य नसतें. आपल्या नांवावर काय लिहिलें गेलें, हें त्यास पहावयाचें असतें.

आतां आपल्या पनवेलकडे वळूं. येथें खार जमीन संशोधन केंद्र आहे. तें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें. खाडीचें पाणी बांध फोडून भातखाचरांत शिरलें म्हणजे काय होतें, हें खारपट्ट्यांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्या जमिनींत तग धरणारीं 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' हीं भाताचीं वाणें या केंद्राच्या संशोधनाचें फळ आहे. हें संशोधन शेतकऱ्यास कळलें, कारण त्याचा शेवट बियाण्यांत झाला. बीं हातांत आलें, पेरलें, उगवलें. खरें कीं खोटें तें शेतानेंच सांगितलें. विद्यापीठाच्या विद्वत्तेची परीक्षा करण्यास शेतकऱ्यास इंग्रजी यावें लागलें नाहीं.

संगणनाच्या संशोधनाचें तसें नाहीं. त्याचें पीक आंकड्यांचें असतें, आणि तें बांधावर न राहतां दूर कोठें तरी सांठविलें जातें. त्यांतही गंमत अशी कीं, हें 'दूर' आतां आपल्याच तालुक्यांत आलें आहे. जुलै २०२० मध्यें पनवेलजवळ योट्टा कंपनीचें माहितीचें प्रचंड कोठार सुरू झालें. तेथें संगणकांचीं ७,२०० कपाटें मावतात असें सांगतात. लोक ज्यास मेघ अथवा 'क्लाउड' म्हणतात, तो आकाशांत नसून अशा इमारतींत असतो. त्यास जमीन लागते, वीज लागते, पाणी लागतें. भाताचें कोठार म्हणून प्रसिद्ध असलेल्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, माहितीचें कोठार उभें राहिलें, याचें आम्हांस वैषम्य नाहीं. पण भाताच्या कोठाराचा नियम असा कीं, ज्याचा माल त्यास पावती. माहितीच्या कोठारासही हा नियम कां नसावा?

कोणी म्हणेल, चार आंकडे शेतांतून नेले तर शेतकऱ्याचें काय गेलें? याचें उत्तर आम्ही देतों. महावेध योजनेखालीं २०१७ पासून राज्यांतील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं. आंबा व काजू यांसाठीं हवामानावर आधारलेला फळपीक विमा असतो. त्यांत नुकसानभरपाई झाडाकडे पाहून ठरत नाहीं. नेमून दिलेल्या केंद्रावर किती पाऊस पडला, थंडी किती पडली, ऊन किती चढलें, या आंकड्यांवर ठरते. बागेंत मोहोर जळून गेला, पण यंत्राचा आंकडा मर्यादेच्या अलीकडे राहिला, तर बागाईतदारानें कोणापाशीं बोलावें? तसेंच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गांव नमुना बाराची जी नोंद तलाठी करीत असे, ती आतां खातेदारानें शेतांत उभें राहून मोबाईलवर करावयाची. खातेदाराच्या हातीं नोंद आली ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु आमच्या परिचयाचे एक खातेदार आपल्या खाचरांत उभे असतां यंत्र त्यांस शेजाऱ्याच्या गटांत उभे दाखवी. कोंकणांतील खाचरें तीं केवढीं! दोन पावलें इकडची तिकडे झालीं कीं गट बदलतो. २०२५ पासून शेतकी योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे. तेव्हां यंत्रांतील आंकडा ही आतां निव्वळ विद्वानांची बाब राहिली नाहीं. तिच्यावर घरांतील पैसा अवलंबून आहे.

महसूल खात्याची पद्धत येथें उपयोगीं पडण्यासारखी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० पहा. जमिनींत कोणाचा हक्क उत्पन्न झाला किंवा गेला, तर त्याची नोंद प्रथम फेरफाराच्या वहींत, म्हणजे नमुना सहामध्यें होते. ती नोंद चावडींत लावावी लागते. हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती निराळ्या वहींत लिहून हरकतदारास पोंच दिली जाते, चौकशी होते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एवढें झाल्यावरच कलम १५७ प्रमाणें ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. शिवाय लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास कलम १५५ आहेच. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनीं हें गृहीतच धरलें होतें कीं, लिहिणारा हात चुकूं शकतो. म्हणून नोंदीस खरेपणाचा मान देण्यापूर्वीं ती उजेडांत ठेवली पाहिजे.

आमच्या स्वतःच्या हातची एक चूक येथें सांगतों. हस्तलिखित सातबारे संगणकांत उतरविण्याचें काम चालू असतां, ते मुळाशीं ताडून पाहण्याचें काम कांहीं गांवांपुरतें आमच्याकडे होतें. पुढें २०१७ सालीं संगणकांतील सातबाऱ्यांचें चावडीवाचन झालें. एका गांवीं आम्हीही हजर होतों. एका सामाईक खात्याचीं नांवें वाचून झालीं आणि वाचणारा पुढच्या खात्याकडे वळला; तोंच मागें दाराशीं बसलेल्या एका वृद्ध बाई उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, माजा नाव नाय वाचला." जुनें दप्तर काढून पाहिलें. बाईंचें नांव तेथें होतें. त्यांच्या यजमानांमागें रीतसर लागलेलें होतें. संगणकांत तें उतरलें नव्हतें, आणि ताडून पाहतांना आमच्या नजरेंतून सुटलें होतें. कागदाच्या तळाशीं सही आमची होती. बाईंस अक्षरओळख नव्हती. आम्ही डोळ्यांस चष्मा लावून जें पाहूं शकलों नाहीं, तें त्यांनीं कानानें पाहिलें. त्या दिवशीं त्या कांहीं कामानें परगांवीं गेल्या असत्या, तर पुढें संपादनाच्या वेळीं त्यांच्या हिश्श्याचें काय झालें असतें, हा विचार आजही आमच्या मनास टोंचतो. ती नोंद पुढें दुरुस्त झाली.

यंत्रें आमच्यासारखीं पेंगत नाहींत, हें खरें. पण तींही चुकतात. बॅटरी उतरते, पर्जन्यमापकाच्या तोंडाशीं पाला अडकतो किंवा कोळी जाळें विणतो, बांधावरील खांबास म्हैस अंग घांसते आणि संवेदक कलतो. अशा यंत्राचा आंकडा कोठारांत जाऊन पडतो, त्यावरून आलेख निघतो आणि आलेखावरून धोरण ठरतें. चूक पाहणारा मनुष्य बांधावरच उभा असतो. मात्र त्यास तो आंकडा कोणी वाचून दाखविलेला नसतो.

म्हणून आम्ही विद्यापीठांस व संशोधनसंस्थांस चार सूचना नम्रपणें करतों. पहिली : शेतांत यंत्र बसविण्यापूर्वीं काय मोजणार, किती दिवस मोजणार आणि तें कोणास देणार, हें एका पानावर सोप्या मराठींत लिहून द्यावें व त्यावर खातेदाराची संमति घ्यावी. दुसरी : हंगामांतून निदान एकदां गांवांत सभा भरवून त्या त्या शेतांतील आंकडे मोठ्यानें वाचावेत, ज्यास वाचतां येतें त्यास प्रत द्यावी. तिसरी : हरकतींची एक वही ठेवावी. "त्या दिवशीं आमच्याकडे पाऊस झाला, तुमच्या यंत्रांत नाहीं," असें कोणी म्हणाल्यास तें लिहून घेऊन पोंच द्यावी आणि यंत्र तपासावें. चौथी : संशोधन संपलें, अनुदान संपलें, म्हणजे यंत्राचें काय होणार आणि त्याचा निष्कर्ष गांवास केव्हां कळणार, हें आधींच सांगावें. बांधावर गंजलेला खांब आणि परदेशीं छापलेला निबंध, एवढेंच संशोधनाचें उरलेलें रूप शेतकऱ्यास दिसूं नये.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, शेतकऱ्यास यांतील कांहीं समजणार नाहीं. पानावरील ओल, मातीचा ओलावा, पावसाचे मिलिमीटर यांत न समजण्यासारखें काय आहे? जो मनुष्य चिखलांत पाय घालून लावणीस पाणी पुरेसें आहे कीं नाहीं तें सांगतो, त्यास ओलाव्याचा आंकडा समजावून देतां येत नसेल, तर उणीव समजावणाऱ्याची आहे. दुसरा आक्षेप असा कीं, याची काळजी कायद्यानें घेतलीच आहे. २०२३ सालीं केंद्र सरकारनें व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्यांत आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार माणसास दिला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तो कायदा माणसाच्या माहितीचा आहे. खाचराच्या ओलाव्याची नोंद ही माणसाची माहिती कीं जमिनीची, यावर वकील वाद घालीत बसतील. शिवाय संशोधनाच्या कामास कांहीं अटींवर त्यांत सूट ठेविली आहे. तेव्हां कायद्याच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षां संशोधकांनीं आपण होऊन ही रीत पाडणें अधिक शोभून दिसेल. त्यांत त्यांचाही लाभ आहे. कारण चुकीच्या आंकड्यावर रचलेला सिद्धांत फार दिवस उभा राहत नाहीं.

आतां दोन शब्द आपल्या लोकांस. २०१७ च्या चावडीवाचनास आमच्या गांवांतून किती मंडळी आली होती? मोठे खातेदार बहुतेक आले नाहींत. "आपला उतारा ठीकच असणार," असें म्हणून घरीं बसले. ई-पीक पाहणी करावयाची ती आपण दुकानदाराच्या पोराकडून करून घेतों आणि त्यानें कोणतें पीक लिहिलें तें पाहतही नाहीं. मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा मागेल त्यास सांगून मोकळे होतों. संमतीच्या कागदावर न वाचतां अंगठा उठविण्याची जुनी खोड आतां बोटानें कांच दाबण्यांत उतरली आहे. अधिकार मागावयाचा तर तो बजावण्याची संवयही लावून घेतली पाहिजे. आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं महिन्यांतून एक संध्याकाळ आपलीं डिजिटल सातबाराचीं पानें व पिकाच्या नोंदी घरांतील वडील माणसांस वाचून दाखवाव्यात. यास खर्च कांहींच नाहीं.

संघाच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या साधारण सभेपुढें वरील चार सूचना ठरावाच्या रूपानें ठेवाव्यात आणि त्यांची प्रत दापोलीच्या विद्यापीठास व मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेस पाठवावी. उद्यां आपल्या तालुक्यांत कोणी यंत्र घेऊन आलाच, तर त्यास बांधावर जागा द्यावी, चहापाणी द्यावें आणि नम्रपणें एवढेंच विचारावें कीं, "साहेब, हें वाचून केव्हां दाखविणार?" ज्याच्यापाशीं या प्रश्नास उत्तर असेल, त्याच्या संशोधनास आपल्या शेतांत बाध येऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.